तुझ्या बेटाचं पाणी

नासिर,

तुझ्या बायकोचा, मरियमचा फोन आला तेव्हा मी सोसायटीच्या ऑफिसात टँकरवाल्याशी भांडत होते. टँकर अर्धाच भरून आला होता आणि त्याला पूर्ण टँकरची सही हवी होती. फोनवर तिचं नाव दिसलं. मला वाटलं, तूच तिच्या फोनवरून बोलतोयस, तुझा फोन नेहमीसारखा चार्जिंगला लावायचा राहिला असेल. म्हणून उचलल्या उचलल्या म्हटलं, थांब जरा, इथे युद्ध चाललंय. पलीकडून मरियम इंग्रजीत म्हणाली, काल सकाळी नासिर गेला. छातीत दुखायला लागलं, धक्क्यापर्यंत नेलं, पण समुद्र खवळलेला होता, बोट निघेना. तिथेच गेला. दुपारी पोचवूनसुद्धा झालं होतं तुला. मी टँकरवाल्याच्या कागदावर सही करून टाकली आणि वर आले. तोसुद्धा बिचारा बघतच राहिला.

तिकडच्या पेपरात तुझ्यावर मोठा लेख आला म्हणे. कुठल्या खात्यात होतास, सचिव कधी झालास, कुठल्या कुठल्या देशांशी बोलणी केलीस. इकडच्या पेपरात एक ओळ नाही. आमच्या पेपरांना तुझा देश दोनदाच आठवतो, एकदा हनीमूनच्या जाहिरातीत आणि एकदा तुम्ही आमच्यावर रुसलात की. म्हणून मग मीच लिहायला बसले. पदं-बिदं मला नीट माहीत नाहीत. मला तू माहीत आहेस, आणि आपलं भांडण माहीत आहे, जे तू अर्धवट टाकून गेलास. भांडण अर्धवट टाकून उठून जाणं पुण्यात चांगलं समजत नाहीत. इतकी वर्षं राहिलास इथे, एवढं कळायला हवं होतं तुला.

तू आलास तेव्हा आम्ही एरंडवण्यात राहायचो. मी शाळेत भूगोल शिकवायची, तुझे काका बँकेत, मन्या दुसरीत होता आणि एक खोली रिकामी होती. आमच्या सरकारने तुझ्या देशातल्या मुलांना शिष्यवृत्त्या दिल्या होत्या, त्यातली एक घेऊन तू पुण्यात इंजिनिअरिंग शिकायला आलास. दारात उभा राहिलास तो काटकुळा, एका हातात बॅग आणि दुसऱ्या हातात एक पुडकं, त्याला सुक्या मासळीचा वास. मी भूगोलाची बाई. तुझ्या देशाची राजधानी, बेटांची रांग, वारे कधी फिरतात ते सगळं तोंडपाठ. पण तो वास पुस्तकात नव्हता. तू माझ्यासाठी आणलेली ती भेट आहे हे कळल्यावर मी काय बोलणार? पुडकं गॅलरीत ठेवलं आणि दोन दिवसांत नाहीसं झालं. ते तू आणि काकांनी गच्चीत बसून संपवलंत, हे तू मला काका गेल्यावर सांगितलंस आणि वर हसलास. मी तुला दोन शब्द सुनावले, पण खरं सांगू, बरं वाटलं. त्या माणसाने आयुष्यात एक तरी चोरी केली.

पहिले काही महिने तू पाहुण्यासारखा राहिलास, कारण मी तुला तसाच ठेवला. ताट उचलायला गेलास की मी हातातून काढून घ्यायची. अंथरुणाची घडी घातलीस की परत घालायची. आणि अभ्यास सोडून खिडकीत बसलास की म्हणायची, अरे, आमच्या सरकारच्या जिवावर शिकतोयस, निदान नापास तरी होऊ नकोस. मी मन्यालाही असंच ऐकवायची, शाळेतल्या पोरांनाही ऐकवायची, माझी बोलायची रीतच ती. तू मुकाट्याने पुस्तक उघडायचास. मग एकदा, मराठी बऱ्यापैकी यायला लागल्यावर, वरणभात कालवता कालवता म्हणालास, "मावशी, आमच्या वकिलातीतले लोक या शिष्यवृत्तीची आठवण वर्षातून एकदा करून देतात. तुम्ही रोज देता." काकांना ठसका लागला. मी वाढायची थांबले आणि मग तुला जास्त भात वाढला, दुसरं काय करणार.

त्याच दिवशी तू तुझ्या बेटावरची ती रीत सांगितलीस. तुमच्याकडे पाहुणा आला की तीन दिवस त्याला बसवून खाऊ घालतात, आणि चौथ्या दिवशी काम सांगतात. जाळं सांध, नारळ सोल, बोट ओढायला ये. काम सांगितलं की तो घरचा. सांगितलं नाही तर पाहुणा समजतो की, आपण आता निघावं असं यांना वाटतंय. मला रीत अजबच वाटली. आमच्याकडे पाहुण्याला काम सांगितलं तर चार घरांत नावं ठेवतील. पण काका म्हणाले, अगं, मग सांग की त्याला काहीतरी, इतके महिने बिचारा निघायच्या तयारीत बसलाय.

मग सकाळच्या पाण्याचं काम तुझ्याकडे आलं. तेव्हा नळाला पाणी यायचं ते सकाळी थोडा वेळ. पिंप, बादल्या, कळशी सगळं भरून ठेवायचं. तू ते काम असं उचललंस की मजल्यावरच्या बायका त्यांच्याही बादल्या तुझ्याकडे द्यायला लागल्या. तुझं मराठी तिथलं, नळापाशचं. कॉलेजात शिकलास ते इंजिनिअरिंग. समोरच्या लेलेबाई तर म्हणायच्या, हा मुलगा टोमणे मारतो ते ऐकून वाटतं, याचे आजोबा नारायण पेठेतले. तू परत जाताना पिंपावर हात ठेवून उभा राहिलास आणि मला नमस्कार करायचा विसरलास. मी लक्षात ठेवलंय.

पुढे तू मोठा माणूस झालास. दिल्लीला यायचास तेव्हा वाकडी वाट करून पुण्याला एक रात्र यायचास. एकदा आलास तो उतरलेल्या चेहऱ्याने. तुझ्या बेटावरच्या विहिरी खाऱ्या झाल्या होत्या. समुद्र आत शिरत होता, पावसाचं टाक्यांतलं पाणी उन्हाळ्याला पुरत नव्हतं. समुद्राचं पाणी गोडं करायचा एक मोठा प्लांट तुम्हाला हवा होता आणि तो आमचा देश द्यायला तयार होता, फुकट. मी म्हटलं, मग तोंड का पाडलंयस? तू म्हणालास, प्लांट देतील, तो चालवायला माणसंही देतील, पण आमच्या माणसांना शिकवायचं नाव काढत नाहीत. वर्षानुवर्षं बटण दाबायला तुमचाच माणूस. मी म्हटलं, अरे, फुकटचं घ्यायचं आणि वर अटी? आणि तुम्हाला मागे दिलेला जनरेटर तुमच्या लोकांनी जाळला होता ना? तूच सांगितलं होतंस. तू म्हणालास, हो, जाळला. शिकवलंच नव्हतं तर जाळतील नाहीतर काय. तिथून आपलं ते भांडण सुरू झालं. तुला एवढंच हवं होतं की तुमच्या बेटाचं पाणी कधीतरी तुमच्या माणसांनी काढावं. आणि माझं म्हणणं, तहान लागली असताना पेला कोणी धरलाय हे बघू नये.

मग तुमच्या राजधानीतल्या त्या बोलण्यांचा दिवस. तो किस्सा मी आजवर किती जणांना सांगितला असेल! टेबलाच्या एका बाजूला तू आणि तुझे दोघे, दुसऱ्या बाजूला आमची ही मोठी फळी. सगळं इंग्रजीत, सगळं गोड गोड. तू प्रशिक्षणाचं कलम काढायच्या बेतात होतास, तेवढ्यात चहा आला. समोरच्या फळीतले दोघे मराठी निघाले, आणि त्यांनी ती चूक केली जी आपली माणसं परदेशात हमखास करतात. आपल्या भाषेत बोललं की भिंत उभी राहते असं त्यांना वाटतं. एक दुसऱ्याला अगदी मोकळ्या आवाजात म्हणाला की, ट्रेनिंगचं यांनी लावून धरलं तर देऊन टाकू, वरून होकार आहे, पण आपण होऊन बोलायचं नाही. दुसरा म्हणाला की, ठीक आहे, आणि प्लांटच्या पुढच्या देखभालीचं म्हणशील तर...

त्या "तर"च्या पुढचं तू ऐकलं नाहीस. बिस्किटांची बशी त्यांच्यापुढे सरकवलीस आणि म्हणालास, "साहेब, मला मराठी येतं. पुण्यात शिकलो. पुढचं जरा बाहेर जाऊन बोला."

त्यांचे चेहरे कसे झाले असतील! तू सांगितलंस तेव्हा हसून हसून माझे डोळे भरून आले. ते दोघेही आधी कावरेबावरे झाले, मग हसले, मग पुण्यात कुठे, कुठल्या कॉलेजात, जेवायला कुठे, सगळं झालं. पण मग तू सांगितलंस की, चहा झाल्यावर तू ते कलम काढलंच नाहीस, आणि माझं हसू तिथेच थांबलं. मी विचारलं, का? तू म्हणालास, कसं काढू? आता मागितलं असतं तर चोरून ऐकून मागितल्यासारखं झालं असतं. करार झाला तो त्या कलमाशिवायच झाला.

मी तुला काय काय बोलले ते तुला आठवत असेल. मूर्खा, आधी मागायचं, मग सांगायचं मराठी येतं म्हणून! दैव देतं आणि कर्म नेतं अशी तुझी तऱ्हा. अख्ख्या बेटाचं पाणी तिथे टेबलावर ठेवलेलं आणि तुला सभ्यपणा सुचतोय. तू शांतपणे ऐकून घेतलंस आणि म्हणालास, "तुमच्या घरात शिकलेली भाषा मी तुमच्याच माणसांच्या विरुद्ध वापरू?" मी म्हटलं, माझं घर मध्ये आणू नकोस, माझ्या घराला तहान लागलेली नाही. तू म्हणालास, पुन्हा मागेन, पुढच्या करारात, समोरासमोर. मी म्हटलं, पुढच्या करारापर्यंत कोण जगलंय? हे मी माझ्याबद्दल बोलले होते, नासिर.

प्लांट झाला, झेंडे लागले, फीत कापली. तू फोटो पाठवलास, त्यात तू शेवटून दुसरा, अर्धा कापला गेलेला. इथून ऑपरेटर गेले. त्यातला एक संदीप, आपल्या मांजरी गावचा, साखर कारखान्यात पंपांवर काम केलेला. फार गुणी माणूस, तू त्याचं कौतुक करायचास. फक्त त्याच्या पॅनेलवर पाटी होती की बाकी कोणी हात लावायचा नाही. ती पाटी त्याने लावली नव्हती, त्याला दिली होती.

मग तुमच्याकडे निवडणुका आल्या आणि दोन्ही देशांचं बिनसलं. तुमच्याकडचे लोक म्हणायला लागले, बाहेरची माणसं घालवा. आमच्या टीव्हीवर लोक ओरडायला लागले, खाल्ल्या मिठाला जागले नाहीत. ऑपरेटरांचे व्हिसा अडकले, संदीप सुट्टीवर आला तो इथेच राहिला, आणि प्लांट बंद पडला. बेटावर पाणी नाही. मग दुसऱ्या एका मोठ्या देशाचं जहाज बाटल्या घेऊन आलं, प्रत्येक बाटलीवर त्यांचा झेंडा. तुझ्या लोकांनी तुला शिव्या दिल्या की, हा त्यांचा माणूस, त्यांच्याकडे शिकलेला, त्यांच्या भाषेत बोलतो, यानेच आपल्याला बांधून ठेवलं. आणि इकडे मी फोनवर तुला म्हटलं, तुम्ही लोक कृतघ्नच.

तू फोन ठेवला नाहीस. एवढंच म्हणालास, बरं मावशी, तब्येत सांभाळा. त्यानंतर बरेच महिने तुझा फोन नाही. मीही केला नाही. दोन देशांचं बोलणं बंद आणि आपलंही बंद. आपण सरकार असल्यासारखेच वागलो. मन्या म्हणायचा, आई, तू कर की. मी म्हणायची, त्याने करावा, तो लहान आहे. देश लहान म्हणून की वयाने, ते मन्याने विचारलं नाही.

आणि एके दिवशी तू दारातच! तोपर्यंत काका गेले होते आणि मी मन्याकडे वाघोलीला राहायला आले होते, या अकराव्या मजल्यावर. खाली टँकरची रांग बघून आला होतास. बूट काढता काढता म्हणालास, "मावशी, आम्हाला प्लांट दिलात आणि स्वतःला टँकर?" मी म्हटलं, हो, आम्ही आधी बाहेरच्यांचं बघतो, तेवढी आमची संस्कृती आहे. झालं, बोलणं सुरू झालं. मागचं कोणी काढलं नाही. मी कृतघ्न म्हटलं होतं ते तसंच राहिलं आपल्या दोघांत, आणि त्यावर तू नारळाची मिठाई ठेवलीस आणि मी चहा.

तू आलास ते कामासाठी आला होतास. तुझ्या बेटावरची रझिया, शाळेत विज्ञान शिकवणारी, दोन पोरांची आई, तिला प्लांटचं काम शिकायचं होतं. इथे वाघोलीच्या पुढे एक वर्कशॉप तसले प्लांट बनवतं आणि शिकवतंही, त्यांच्याशी तू बोलून ठेवलं होतंस. तिच्या राहण्याची सोय माझ्याकडे होईल का, एवढंच विचारलंस. मी म्हटलं, करारात तिला हात लावायची परवानगी नाही, मग शिकून काय करणार ती, लोणचं घालणार? तू म्हणालास, हात लावायला परवानगी लागते, शिकायला लागत नाही. मी तुला बरंच बोलले आणि रझियाला खोली दिली. काम पहिल्याच दिवशी सांगितलं. माझ्या वयात चौथ्या दिवसाची वाट कोण बघतं.

रझियाने मला जेरीस आणलं बरं का. रोज संध्याकाळी जेवताना मला समजावून सांगायची, पाणी पडद्यातून कसं दाबायचं, मीठ कुठे अडतं, सुरू केल्यावर पहिलं पाणी का फेकून द्यायचं. अर्धं मोडक्या मराठीत, अर्धं इंग्रजीत. तोंडात घास आणि हातात चमचा, चमच्याने व्हॉल्व्ह फिरवून दाखवायची. मी निवृत्त शिक्षिका, मला दुसऱ्याने शिकवलेलं खपत नाही, पण ऐकलं. ती परत गेली, दोन्ही सरकारं थोडी निवळली, संदीपही परत गेला. तो पॅनेलपाशी, आणि ती त्याच्या शेजारी स्टूल टाकून नुसती बसून. संदीप पाटीकडे बोट दाखवायचा आणि दोघं हसायचे, असं तूच सांगितलंस.

आपलं शेवटचं बोलणं दिवाळीनंतरचं. कराराची मुदत संपत आली होती, नव्याने बोलणी होणार होती, आणि तू म्हणालास, या वेळी पहिलंच वाक्य तेच बोलणार. आमची माणसं चालवतील. मी म्हटलं, आणि बिघडवलं तर? परत आमच्याच दारात येणार. कोट्यवधींचं यंत्र आहे, खेळणं नव्हे. देणाऱ्यालाही काही काळजी असते की नाही? तू म्हणालास, "काळजी आहे, मान्य. पण मावशी, एकदा तरी आम्हाला चुकू द्या. तुमच्याकडे काय कोणी चुकत नाही?"

मला उत्तर सुचत होतं. सुचत होतं म्हणजे, काहीतरी सुचलंच असतं. तेवढ्यात कुकरची शिट्टी झाली आणि मी म्हटलं, ठेवते, आमटी उतू जाईल, उद्या बोलू. उद्या मन्याच्या मुलीचा वाढदिवस, परवा तू दौऱ्यावर. मग बोलण्यांची तयारी म्हणून तू प्लांट बघायला मरियमला घेऊन तुझ्या बेटावर गेलास. तिथून तू येणारच होतास दिल्लीला, आणि दिल्लीहून इकडे. मी उत्तर जमवत होते, खरंच. कधी भाजी निवडताना, कधी फिरायला गेल्यावर. पक्कं केलं की मोडायचं. तुला समोर बसवून ऐकवल्याशिवाय ते पक्कं होणारच नव्हतं.

काल मरियमचा पुन्हा फोन आला. आता ती जरा सावरली आहे. म्हणाली, त्या दिवसाचं एक सांगायचं राहिलं, तुम्हाला सांगायलाच हवं, नासिरने सांगितलं असतं.

तू गेलास त्या दिवशी प्लांट बंद होता. पहाटे वीज जाऊन आली आणि तो आपोआप थांबला. संदीप शेजारच्या बेटावर सामान आणायला गेलेला, आणि ज्या समुद्राने तुझी बोट निघू दिली नाही त्यानेच त्याचीही अडवून धरली. टाक्या रिकाम्या. तुमच्याकडे माणसाला त्याच दिवशी पोचवतात, आणि त्याआधी आंघोळ घालतात. विहिरीचं पाणी खारं. कोणीतरी म्हणालं, गोदामात त्या झेंड्याच्या बाटल्या अजून पडल्यात, त्या फोडू. मरियम म्हणाली, नको. मग सगळे रझियाकडे बघायला लागले. आणि रझिया म्हणाली की, मला अधिकार नाही.

तिने संदीपला फोन लावला. वाऱ्यात त्याचा आवाज तुटत होता. तिने एवढंच सांगितलं की, नासिरसाहेब गेले, प्लांट बंद आहे, पाणी पाहिजे. त्याने नाही म्हटलं असतं तर ते नियमाला धरून झालं असतं, आणि हो म्हटलं तर त्याची नोकरी जाणार. मग तो तिच्याशी मराठीत बोलला, आणि ते शब्द मरियमने मला तिच्या उच्चारात, जसेच्या तसे म्हणून दाखवले, कारण रझियाने ते सगळ्या बेटाला सांगितलेत. "ताई, तुमाला येतंय की. करा."

पहिल्यांदा तिचं चुकलं. व्हॉल्व्ह आधी उघडला, दाब चढेना, यंत्र पुन्हा थांबलं. तिकडे घराबाहेर बायका बसलेल्या, आत तू. ती पाच मिनिटं नुसती स्टूलवर बसून राहिली म्हणे. मग उठली आणि सगळं पहिल्यापासून केलं. आवाज सुरू झाला तसे लोक कळश्या घेऊन आले, तर तिने सगळ्यांना हटकलं. पहिलं पाणी सोडून दिलं. मग ओंजळीत घेऊन चाखलं, थुंकलं, आणखी सोडून दिलं. परत चाखलं. आणि मग म्हणाली, न्या.

नासिर, मी तुझ्यासाठी जमवलेलं उत्तर आता नाही देत. ती चुकली, आणि मग तिला जमलं. मी मरियमला विचारलं, पाणी कसं होतं गं?

ती म्हणाली, मावशी, गोडं होतं. त्याच पाण्याने त्याला आंघोळ घातली.